सगळं आधीच दाखवलंस, तर सांगणार काय?

प्रिय ताई,

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं मूळ गाव माण तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी १४ वर्षांची होती. रोज सहा मैल चालत दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि तिथं मजुरांना खायला मिळणारी सुकडी स्वतः न खाता ओच्यात बांधून धाकट्या भावासाठी घरी आणायची. एकदा मुकादमानं तिला पकडलं. ही गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली, माझ्या बारावीच्या सुट्टीत. तिची मी १८ चित्रं काढलीत, ए-थ्री कार्डशीटवर, पोस्टर कलरनं.

मधल्या सुट्टीत कॅन्टीनकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन झाडांना दोरी बांधते, चित्रं चिमट्यांनी ओळीनं लावते आणि शेजारी उभी राहून गोष्ट सांगते. आतापर्यंत आठ वेळा केलं. कुणीच थांबत नाही. चालता चालता सगळी चित्रं बघतात, एखादा व्हिडिओ काढतो, ‘भारी काढलीयेस गं’ म्हणतात आणि जातात. मुकादमापर्यंत पोचते तेव्हा समोर फक्त झाडलोट करणाऱ्या मावशी उरलेल्या असतात. परवा घंटा झाली म्हणून गोष्ट अर्धीच राहिली, तर काल मावशींनी विचारलं, ‘त्या मुकादमानं मग काय केलं?’

चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या जुन्या कलेला चित्रकथी म्हणतात, पण एका सरांनी सांगितलं, ‘याला चित्रकथी म्हणू नकोस, चित्रकथीत रामायण-महाभारत असतं.’ सुरक्षारक्षकांनी दोनदा हटकलं. मैत्रिणी म्हणतात, इन्स्टावर टाक, हजारजण बघतील. माझा आवाज बारीक आहे, म्हणून कुणी थांबत नसेल का? हे बंद करू का? आजीला यातलं अजून काही सांगितलेलं नाही.

– एक विद्यार्थिनी

प्रिय मुली,

आधी आवाजाचं. तो विषय मनातून काढून टाक. बारीक आवाजाची माणसं रात्रभर गोष्टी सांगतात आणि ऐकणारी जागेवरून उठत नाहीत, हे मी पाहिलेलं आहे. तुझ्या पत्रात खरी अडचण एका शब्दात आलीये, आणि तो शब्द म्हणजे ‘दोरी’.

नव्वदच्या दशकात साक्षरता अभियान चालू होतं तेव्हा मी एका कलापथकात होते. आठवडी बाजारात चित्रं घेऊन उभं राहायचं आणि गोष्ट सांगायची, हे माझं काम. एका मुलीची शाळा सुटते आणि पुढे ती आईबरोबर पुन्हा अक्षरं गिरवते, अशी ती गोष्ट होती. चित्रं सुरेख होती, एका चित्रकला शिक्षकांनी मन लावून काढलेली. मी काय करायचे? जीपच्या कडेला दोरी बांधायची आणि सगळी चित्रं एका ओळीत टांगायची, तू लावतेस तशीच. लोक यायचे, डावीकडून उजवीकडे नजर फिरवायचे आणि वांगी घ्यायला निघून जायचे. तिसऱ्या बाजाराला शेजारी कांदे विकायला बसणाऱ्या बाईंनी मला जवळ बोलावलं. म्हणाल्या, “बाई, समदं आधीच दावलंस, आता सांगणार काय?”

मी त्या दिवशी दोरी सोडली ती कायमची. पुढच्या बाजाराला चित्रांची चळत मांडीवर घेऊन त्याच बाईंच्या शेजारी गोणपाटावर बसले आणि एक एक चित्र वर काढत गेले. पहिल्यांदा सातजण शेवटपर्यंत थांबले. आजही मोजून सांगते, सात.

तुझ्याकडे येणारा मुलगा दहा-पंधरा पावलांत १८ चित्रं बघतो. खडी फोडणारी पोर बघतो, ओच्यातलं गाठोडं बघतो, मुकादमाचा चेहरा बघतो, शेवटही बघतो. गोष्ट त्याच्यापुरती संपली. तू तोंड उघडतेस तेव्हा तो पुढच्या वळणावर गेलेला असतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. प्रदर्शन तसंच बघायचं असतं. तू प्रदर्शन लावतेस आणि गोष्ट ऐकणाऱ्यांची वाट बघतेस. रस्त्यानं जाणारा माणूस समोर दिसणाऱ्या चित्रासाठी क्षणभर रेंगाळतो. थांबतो तो अजून न दिसलेल्या चित्रासाठी.

हे जुन्या लोकांना फार आधीपासून ठाऊक होतं. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. सावंतवाडी संस्थानचा तिला आश्रय होता. एका गोष्टीची सगळी चित्रं एका गठ्ठ्यात असतात आणि त्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. सांगणारा बसतो, चित्र समोर उभं धरतो, वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीवर गातो आणि बोलतो. त्या चित्राचं सांगून झालं की ते उलटतं आणि पुढचं येतं. पोथी हा शब्दच बघ किती नेमका आहे. पोथीचं पान उलटल्याशिवाय पुढचं कळत नाही.

राजस्थानात बस्सी गावचे सुतार लाकडी कावड करतात. ते एक छोटं कपाट असतं, दारांमागे दारं असलेलं, आणि गोष्ट पुढे सरकेल तसं एकेक दार उघडतं. बंगालमध्ये पिंगला भागातल्या नया गावचे पटुआ लांब गुंडाळी आणतात. ती थोडी थोडी उलगडतात, चित्रावर बोट फिरवतात आणि गाणं म्हणतात.

तू म्हणशील, मग राजस्थानातल्या पाबूजी या लोकदेवाचा फड? तो तर मोठा कापडी पट, सगळा उघडा टांगलेला. बरोबर आहे. पण फड रात्री वाचतात. अंधारात भोपा, म्हणजे फड वाचणारा गायक, गातो आणि जिथलं गाणं चालू असेल तेवढ्याच भागावर भोपी, म्हणजे त्याची बायको, दिवा धरते. शिवाय फडावरची चित्रं गोष्टीच्या क्रमानं मांडलेलीच नसतात, त्यामुळे नुसतं बघून शेवट कळायची सोय नाही. तिथं झाकायचं काम रात्र करते. तुझी मधली सुट्टी भर उन्हातली, म्हणजे झाकायचं काम तुलाच करावं लागणार.

तुला सगळ्यात जास्त उपयोग होईल तो जपानी कामिशिबाईचा. तिचं नातं थेट तुझ्या रस्त्याशी आहे. १९३० च्या आसपास, मंदीच्या दिवसांत, काम गेलेली माणसं सायकलच्या कॅरिअरवर एक लाकडी चौकट बांधून गल्लोगल्ली फिरायची. दोन लाकडी दांडके एकमेकांवर आपटले की पोरं धावत यायची. हा माणूस त्यांना गोळ्या-मिठाई विकायचा, त्यावरच त्याचं पोट, आणि मग गोष्ट सुरू व्हायची. चौकटीत चित्रांची चळत उभी असते. सांगणारा सगळ्यात समोरचं चित्र बाजूनं ओढून काढतो आणि चळतीच्या मागे सरकवतो. ऐन ठिकाणी गोष्ट थांबवायची, बाकीची उद्या. पुढे घराघरात टीव्ही आला आणि तो धंदा बसला. पण गंमत बघ, सुरुवातीला जपानी लोक टीव्हीलाच ‘विजेची कामिशिबाई’ म्हणायचे.

तिच्यातल्या दोन युक्त्या उचल. पहिली, मजकूर कुठे लिहायचा त्याची. पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या कार्डाच्या पाठीवर लिहितात, कारण चळतीच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला तीच पाठ दिसत असते. पहिलं चित्र काढून मागे ठेवलं की त्याची पाठ समोर येते आणि तिच्यावर दुसऱ्या चित्राचा मजकूर असतो. तसंच पुढे. तुला पाठांतराची धास्ती उरणार नाही. पण मजकूर म्हणजे वाक्यं लिहू नकोस. प्रत्येक पाठीवर तीन-चार शब्द, ठळक अक्षरात: ‘मस्टर, नाव, वय खोटं’ एवढंच. वाक्यं लिहिलीस की तू वाचायला लागशील, आणि तुझी नजर लोकांवरून उठली की लोकही उठतात.

दुसरी युक्ती ओढण्याची. चित्र एका झटक्यात काढता येतं, इंचाइंचानं काढता येतं, अर्ध्यावर थांबवताही येतं. अर्धं ओढलेलं चित्र म्हणजे एका कडेला जुनं आणि दुसऱ्या कडेला नवं. तुझ्या गोष्टीत हे कुठे वापरायचं ते मला पत्र वाचतानाच दिसलं. पोर सुकडीचं गाठोडं ओच्यात खोचतेय, हे चित्र समोर आहे. ते हळूहळू बाजूला सरकव. मागच्या चित्राच्या कडेला आधी फक्त एक बूट दिसू दे. मग धोतराची किनार. तिथं थांब. श्वास घे. समोरच्या माणसांकडे बघ. आता कोण आलंय ते त्यांना कळलेलं असेल आणि त्या पोरीला कळलेलं नसेल. एवढ्या एका जागेसाठी तुला मुकादमाचं चित्र नव्यानं काढावं लागलं तरी काढ. बूट कडेला आला पाहिजे.

आता चित्रांबद्दल. १८ जास्त होतात. मधल्या सुट्टीत चहा घ्यायला निघालेल्या पोरांकडे फार तर पाच-सहा मिनिटं असतात. एका चित्राला अर्धं मिनिट धरलंस तर ११ चित्रं पुरे. गावाचा नकाशा असेल तर तो वगळ. तो तू पहिला लावला असशील असं मला वाटतं, बहुतेक जण लावतात. ‘१९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला’ हे वाक्यही नको. हे वाक्य कानावर पडलं की पोरांना परीक्षेतला प्रश्न आठवतो. हातापासून सुरू कर. दगडावर उगारलेला हात, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. “ही माझी आजी. हिचं वय १४, पण मस्टरवर १८ लावलंय.” दुष्काळ त्या हातातून येऊ दे. मिलो ज्वारीची लालसर भाकरी, वाटेवरचा कोरडा पाझर तलाव, खडीच्या ढिगांच्या रांगा, सुकडीसाठी लागलेली ओळ, हे सगळं पुढे येईलच. मिलोच्या भाकरीसाठी एक अख्खं चित्र ठेव. तो रंग पाहिलेली माणसं अजून हयात आहेत, आणि कॅम्पसवर शिकवणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरात ती भाकरी शिजलेली असणार.

ए-थ्री चालेल, पण चित्र भरायची तुझी पद्धत बदलावी लागेल. एक चित्र भिंतीला टेकवून ठेव आणि १५ पावलं मागे जा. तिथून चेहरा रागावलेला की घाबरलेला हे कळलं पाहिजे. कळत नसेल तर चेहरा मोठा कर, मागची झाडं-घरं कमी कर, कडा काळ्या आणि जाड कर. एका चित्रात एकच गोष्ट घडू दे. चित्रांवर चकचकीत प्लास्टिक मात्र चढवू नकोस. उन्हात ते आरशासारखं चमकतं आणि तीनपैकी दोघांना चित्रच दिसत नाही. कार्डशीट वाऱ्यानं वाकते, म्हणून मागे माउंट बोर्ड चिकटव. लाकडी चौकट परवडली नाही तर जाड खोका कापून कर, आणि तिला दोन झडपा लाव. झडप उघडतानाच निम्मी माणसं वळून बघतात.

वाद्याचाही विचार कर. पिंगुळीत हुडुक आहे, जपान्यांकडे दांडके आहेत. तुझ्या गोष्टीचं वाद्य तुझ्या गोष्टीतच पडलेलं आहे: दोन दगड. पुढच्या वेळी गावी गेलीस की माणच्या रानातले मुठीत मावतील असे दोन काळे दगड उचलून आण. सुरुवातीला काही न बोलता खडी फोडल्यासारखे आपट. ठक. ठक. ठक. कॅम्पसवर घंटा असते, गाणी असतात, मोटरसायकली असतात, पण दगडावर दगडाचा आवाज नसतो. माणूस काय चाललंय म्हणून मान वळवेल, आणि तेव्हा त्याला बंद झडपा दिसतील. पुढे प्रत्येक चित्र बदलताना एकदाच ठक. मुकादमाच्या चित्राला ठक नको. तिथं आवाज न होणं ऐकू यायला हवं.

जागेचं सांगते. कॅन्टीनकडे जाणारा रस्ता चुकीचा आहे. त्या रस्त्यावरची माणसं भुकेली असतात आणि त्यांचे पाय पुढे ओढत असतात. माणसं आपणहून जिथं थांबलेली असतात तिथं जा. झेरॉक्सच्या दुकानाबाहेरची रांग, बसथांबा, चहा हातात घेऊन टेकायचा कट्टा. चहा गरम असतो, त्यामुळे चार मिनिटं तो माणूस हलणार नाही. पाठीशी भिंत किंवा जाड बुंधा घे, म्हणजे मागून कुणी येणार-जाणार नाही. ऊन चित्रावर पडू दे, बघणाऱ्याच्या डोळ्यांवर नको. तुझा चेहरा आणि चित्र जवळजवळ असू देत, नाहीतर लोकांची मान टेनिस बघितल्यासारखी इकडून तिकडे होते.

रस्त्यावर गोष्ट सांगायची म्हणजे अर्धी माणसं मध्येच येणार. त्यांच्यासाठी सोय हवी, आणि ती आपल्या कीर्तनात तयार आहे. कीर्तनकार आख्यानात कितीही लांब गेला तरी पुन्हा त्याच चरणावर येतो, आणि उशिरा आलेल्यालाही धागा सापडतो. तुझ्यासाठी असा चरण पत्रातच आहे. ‘सहा मैल जायचं, सहा मैल यायचं, ओच्यात भावाची सुकडी.’ दर तिसऱ्या चित्राला हे म्हण. तिसऱ्यांदा म्हणशील तेव्हा समोरचं कुणीतरी ओठ हलवत असेल. त्या माणसाकडे बघून पुढचं सांग.

सरांच्या बोलण्याकडे येते. त्यांचं अर्धं मला पटतं. चित्रकथी हे नुसत्या प्रकाराचं नाव नाही, ती एका समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो, इतकी ही कला जुनी. पिंगुळीच्या ठाकर कलाकारांनी फार हलाखीत ती टिकवली. परशुराम गंगावणे यांनी घराजवळच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा तू आपल्या खोक्यावर ‘चित्रकथी’ असं लिहू नकोस. ‘आजीची चित्रगोष्ट’ लिही. कुणी विचारलं तर पिंगुळीचं नाव घे आणि ही रीत कुणाकडून उचलली ते सांग. जमेल तेव्हा कोकण रेल्वेनं कुडाळला उतर आणि पिंगुळीला जाऊन ये. पोथी कशी धरतात, हात कुठे असतो, चित्र उलटताना गाणं थांबतं की चालू राहतं, हे डोळ्यांनी बघण्याला पर्याय नाही. पुण्यातच असल्यामुळे राजा केळकर संग्रहालयातली चित्रकथीची, पैठण शैलीची चित्रं तर तू कुठल्याही रविवारी बघू शकतेस. त्यांतल्या माणसांचे डोळे बघ. मोठे, एका बाजूनं काढलेले, लांबून वाचता येणारे.

पण सरांचं दुसरं अर्धं पटत नाही. देवादिकांच्याच गोष्टी सांगाव्यात असा चित्रं दाखवून सांगण्याच्या रीतीचा नियम नाही. बंगालच्या पटुआंनी मनसादेवी जशी गायली तशीच २००४ ची त्सुनामी गायली, करोनाही गायला. त्या पटुआंमध्ये बरेच मुसलमान आहेत आणि ते रामायणही गातात. ७२ चा दुष्काळ ही महाराष्ट्राच्या घराघरातली गोष्ट आहे, आणि ती आख्यानासारखी सांगायला कुणीतरी उभं राहावं असं मला कितीतरी वर्षं वाटत आलंय. तुझं पत्र वाचून मी म्हणूनच इतकी भरभरून लिहितेय.

सुरक्षारक्षकांवर राग धरू नकोस. त्यांना वरून कुणी विचारलं तर दाखवायला त्यांच्याकडे कागद हवा, तो तू दे. प्राचार्यांच्या नावे अर्ज लिही: दिवस, वेळ, जागा, किती मिनिटं, ध्वनिवर्धक नाही, रस्ता अडणार नाही. कला मंडळाच्या किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या प्राध्यापकांची शिफारस जोड. आवक शिक्का मारलेली प्रत खोक्यातच ठेव. स्नेहसंमेलनात मंचावर कर असं कुणी सुचवलं तर जरूर कर, पण ती वेगळी गोष्ट आहे. तिथं लोक बसलेलेच असतात.

मोबाइलचं मला फारसं वाईट वाटत नाही. व्हिडिओ काढणाऱ्याला अडवू नकोस. सुरुवातीला सांग, “गोष्ट झाली की शेवटचं चित्र हातात घेऊन उभी राहीन, तेव्हा फोटो काढा.” इन्स्टावर टाकायचं तर पहिली तीन चित्रं टाक आणि खाली वार, वेळ, जागा लिही. मुकादम कधीच टाकू नकोस. तो बघायला माणसानं चालत यायला हवं.

मला खरी काळजी वाटली ती पत्रातल्या शेवटच्या ओळीची. आजीला सांगितलेलं नाही. मुली, गोष्ट तिची आहे. तिनं ती तुला एकदाच सांगितली, म्हणजे ती सहज सांगण्यातली नाही. भुकेच्या दिवसांतलं माणसं लपवून ठेवतात. आपण हलकं काम केलं, कुणाच्या तरी हातून अपमान झाला, हे नातवंडांनाही सांगू नये असं त्यांना वाटतं. अनोळखी पोरांसमोर रस्त्यावर ते उघडं करायच्या आधी तिचा होकार हवाच. पुढच्या खेळाच्या आधी गावी जा. खोका बरोबर ने. स्वयंपाकघरात, ती भाकरी थापत असेल तिथंच बस आणि तिला सगळी गोष्ट दाखव. फक्त तिच्यासाठी.

ती चुका काढेल, आणि त्या वहीत लिहून घे. हातोडी अशी धरत नव्हतो म्हणेल. सुकडीचा रंग असा नव्हता म्हणेल. मुकादमाला तू मिशा काढल्या असतील आणि त्याला मिशाच नसतील. कुठल्याही ग्रंथालयात न मिळणारा हा मजकूर आहे. एखाद्या चित्रापाशी ती गप्प झाली तर विचारू नकोस, थांब. ‘हे नको दाखवू’ म्हणाली तर ते चित्र तिच्यापाशीच ठेवून ये, मग ते मुकादमाचं असलं तरी. मुकादमावाचून गोष्ट कशी सांगायची ते आपण पुन्हा पत्रानं बघू. आणि ‘दाखव’ म्हणाली तर तिचं नाव सांगायचं की नुसतं ‘आजी’ म्हणायचं, तेही तिलाच ठरवू दे.

मुकादमानं पुढे काय केलं ते तू पत्राच्या मागच्या पानावर लिहिलं आहेस. ते मी इथं छापू दिलेलं नाही.

राहिलं, हे बंद करू का हा प्रश्न. तू लिहितेस ‘कुणीच थांबत नाही’, आणि त्याच पत्रात मावशी आठवेळा तुझ्यासमोर उभ्या आहेत. हातातला झाडू भिंतीला टेकवून, कामाच्या वेळेतून वेळ काढून. अर्धी राहिलेली गोष्ट त्या घरी घेऊन गेल्या, रात्रभर त्यांच्या मनात राहिली आणि दुसऱ्या दिवशी आपण होऊन त्यांनी विचारलं. जपानी सायकलवाल्याला दुसऱ्या दिवशी परत येणारं पोर हवं असायचं, तसंच हे. वयाकडे बघता ७२ साली त्या लहान असतील किंवा त्यांची आई खडीवर असेल, मला माहीत नाही. तू विचार. गोष्ट सांगून झाली की लगेच खोका आवरू नकोस, पाच मिनिटं तिथंच बस. गोष्ट ऐकलेल्या माणसाला आपली गोष्ट सांगायची असते.

मावशींना तू अजून उत्तर दिलेलं नाहीस, असं पत्रावरून दिसतं. तोंडी देऊ नकोस. आजीकडून परत आलीस की त्यांना विचार, तुमची झाडलोट किती वाजता उरकते, आणि पहिला खेळ त्या वेळेला लाव.

तुझी,
ताई